विजेने फिरवलेली सुई

सन १६८१ च्या जुलैत केप कॉडपासून शंभर लीगांवर 'आल्बेमार्ल' या जहाजावर वीज कोसळली. जहाज तगले, पण होकायंत्राची उत्तर दक्षिणेला गेली! बॉस्टनचे धर्मोपदेशक इन्क्रीज मेदर यांनी ही हकिकत १६८४ च्या आपल्या ग्रंथात नोंदली आहे. फुटलेली डोलकाठी डोळ्यांना दिसते. फिरलेली सुई मात्र निमूटपणे भलतीच वाट दाखवीत राहते.

लाकडी जहाजांवर पहिली धास्ती अर्थातच डोलकाठीची. तिच्यासाठी एक साखळी दिलेली असे. वादळ दिसले की ती वर चढवायची आणि खालचे टोक समुद्रात सोडायचे. ती बहुधा पेटीतच राही. ऐन वादळात साखळी घेऊन वर चढायचे कोणी? प्लिमथचे डॉक्टर विल्यम स्नो हॅरिस यांनी १८२० मध्ये सुचवले, की तांब्याच्या पट्ट्या डोलकाठीतच कायमच्या बसवून थेट तळाच्या तांब्याला जोडाव्यात. १८३१ ते १८३६ या काळात डार्विनला घेऊन फिरलेल्या 'बीगल'वर त्या होत्या. वीज पडली, पण जहाजाला ओरखडाही उठला नाही. तरी ब्रिटिश आरमाराला हे पटायला १८४० चे दशक उजाडले. रशियनांना ते आधीच पटले होते. १८४७ मध्ये हॅरिस 'सर' झाले.

गंमत अशी, की तोवर लोखंडी जहाजे येऊ लागली होती. त्यांना पट्ट्या कशाला? सगळा सांगाडाच वीज पाण्यात पोचवतो. धातूच्या पिंजऱ्यात बसलेला माणूस सुरक्षित राहतो, हे फॅरेडेने १८३६ मध्ये दाखवलेच होते. सुईचे दुखणे मात्र लोखंडाने वाढवले, कारण जहाजच एक मोठे चुंबक झाले. १८३८ मध्ये जॉर्ज एअरी यांनी डेटफर्डला 'रेनबो' या लोखंडी आगबोटीवर होकायंत्राजवळ चुंबक व लोखंडाचे तुकडे मांडून ती ओढ मारली. पण हा तोल त्या दिवशीच्या चुंबकत्वाचा. वीज सांगाड्यातून गेली की ते बदलू शकते, आणि मग दुरुस्तीच दिशाभूल करते.

आज पोलादी नौकेत वीज डोलकाठीवरच्या अँटेनाच्या तारेतून आत शिरते आणि रेडिओ, रडार, जीपीएस जाळते. म्हणून तार आत येते तिथेच तिचे कवच सांगाड्याला जोडतात, सर्ज अरेस्टर लावतात. छोट्या नौकांवर हातातला जीपीएस स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ठेवतात. तोही फॅरेडेचा पिंजराच. वादळ ओसरल्यावर जाणता कप्तान सूर्याची दिशा गणिताने काढतो आणि होकायंत्राशी ताडून पाहतो.