भाषण संपल्यावर हाती काय उरतं?



निवडणूक आली की गावात भोंगे लागतात. पुढारी तासभर बोलतात, टाळ्या पडतात. घरी आल्यावर सासूबाई विचारतात, "काय म्हणाले गं?" तेव्हा नीट सांगता येत नाही. मग मोठा वक्ता म्हणायचं कोणाला? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायांसमोर केलेली दोन भाषणं आज आपण आठवू या.

पहिलं महाडचं, डिसेंबर १९२७ मधलं. चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क मिळावा म्हणून तिथं सत्याग्रह परिषद भरली होती. खेड्यापाड्यांतून बायाही आल्या होत्या. बाबासाहेब परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर, पण बायांशी ते बोलले लुगड्यावर आणि दागिन्यांवर! त्या काळी नेसण्यावरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून बाईची जात लांबून ओळखू यायची. म्हणून ते म्हणाले, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, गळ्यातले-हातातले ते जड दागिने सोडा, मुलींनाही शिकवा. यातलं नेसणं बदलायला ना पैसा लागत होता, ना कोणाचा हुकूम. बायांनी ते तिथल्या तिथं बदललं. जातीची खूण आपल्या हातांनी पुसता येते, हे त्यांना कळलं.

दुसरं भाषण नागपूरचं, २० जुलै १९४२ चं. दलित महिलांच्या त्या परिषदेला हजारो स्त्रिया जमल्या होत्या. समाज किती पुढे गेला हे आपण त्यातल्या स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून मोजतो, असं त्यांनी सांगितलं. लग्नाची घाई करू नका, लग्न झाल्यावर नवऱ्याची दासी होऊ नका, त्याच्या बरोबरीनं उभ्या राहा, असंही बजावलं. अवघड विचार, पण शब्द रोजच्या घरातले.

आता बघा, बायांना काम सांगून बाबासाहेब स्वतः मोकळे झाले नाहीत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कामगार बायांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून बाजू मांडली. पुढे देशाचे कायदामंत्री असताना स्त्रियांना वारसाहक्क आणि घटस्फोटाचा हक्क देणारं हिंदू कोड बिल मंजूर करून घेण्यासाठी ते झटले. ते अडवलं गेलं, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्या राजीनाम्याचं हे एक मोठं कारण होतं. बोललेल्या शब्दाची किंमत त्यांनी स्वतः मोजली, म्हणून तो शब्द आजही वजनदार वाटतो.

आवाज मोठा असला, यमक जुळलं, म्हणजे वक्ता मोठा होत नाही. ऐकणारीचं जगणं त्याला माहीत हवं, तिच्या हाताला जमेल असं काम त्यानं सांगावं आणि आपला वाटा स्वतः उचलावा.

पुढच्या सभेला जाल तेव्हा हे तपासून बघा. आणि ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आपली बोलायची पाळी आली, तर घाबरू नका. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हंडे कुठून आणावे लागतात, एवढं सरळ सांगा. काय हवं ते मागा. आपण काय करणार तेही सांगा. बाकी लोक ऐकतातच.