पाणी आडवंच असतं

जुलै उजाडला की मी पेपर मागच्या पानावरून उघडतो. धरणांचं कोष्टक तिथं असतं. धरणाचं नाव, आजचा साठा, टक्केवारी, चोवीस तासांतला पाऊस. आमच्या नीरा खोऱ्याच्या चार ओळी : भाटघर, नीरा देवघर, वीर, गुंजवणी. भाटघर पूर्ण भरलं की 23.50 टीएमसी, गुंजवणी 3.69. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. घरचे हसतात. म्हणतात, आजोबा पाऊस खिडकीतून बघत नाहीत, पेपरात बघतात. हसू देत. या कोष्टकाचं माझ्यावर एक देणं आहे, तेच आज लिहून टाकतो.

1980 नंतरची गोष्ट. वेळवंडी नदीच्या खोऱ्यात, भोर आणि वेल्ह्याच्या शिवेजवळच्या एका शाळेत मी गणित शिकवत होतो. (त्या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय 2024 साली झाला. आमच्या तोंडी मात्र अजून वेल्हंच आहे.) नववीला आलेखाचा धडा होता. पुस्तकातली कोष्टकं मुलांना कंटाळवाणी वाटत. क्ष ची किंमत 1, 2, 3, य ची किंमत 5, 7, 9. बिंदू काढा, जोडा, रेषा आली, संपलं. कशाची रेषा, कोणी विचारत नसे. म्हणून मी त्यांच्या ओळखीचं कोष्टक फळ्यावर लिहिलं. पावसाळ्याचे नऊ आठवडे आणि भाटघरचा साठा. सोयीसाठी आकडे मीच गोल करून घेतले होते : 2, 3, 6, 11, 17, 21, 23.5, 23.5, 23.5. प्रमाण दिलं : आडव्या अक्षावर एक सेंटिमीटर म्हणजे एक आठवडा, उभ्यावर एक सेंटिमीटर म्हणजे दोन टीएमसी.

मुलं रंगली. सुरुवातीचे बिंदू खाली रेंगाळतात, कारण तहानलेली जमीन आधी स्वतः पिऊन घेते. मग रेषा चढ घेते, कारण डोंगरावर पाऊस कोसळत असतो आणि ओढेनाले भरून वाहत असतात. आणि शेवटी एकदम सपाट. का सपाट? पाऊस थांबला का? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नाही सर, दरवाजे उघडले!" बरोबर. भाटघरला पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की येईल तेवढं पाणी खाली नीरेत जातं. पाऊस चालू, रेषा आडवी. कोष्टकात तो फक्त तीनदा लिहिलेला एकच आकडा होता, आलेखात त्याचा अर्थ दिसला.

एका मुलानं मात्र अक्षांची अदलाबदल केली होती. साठा आडवा, आठवडे उभे. त्याचे बिंदू उजवीकडे सरकत सरकत वर गेले होते आणि शेवटचे तीन एकावर एक, सरळ उभे. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "पाणी आडवंच असतं की, सर. आणि ही भिंत. हितनं पुढं पाणी जात नाही." वर्ग हसला. मीही हसलो. पाचपैकी शून्य दिलं आणि क्रमित जोडीत आधी काय येतं ते दहा वेळा लिहायला लावलं.

त्या मुलाच्या घरची जुनी जमीन पाण्याखाली होती. 1876-77 च्या दुष्काळानंतर खालच्या कोरड्या मुलखासाठी नीरेचे कालवे निघाले. त्यांच्यासाठी भाटघरला पहिलं धरण झालं. जलाशयाला लेक व्हाइटिंग म्हणत. पुढं त्याच्या जागी मोठं लॉइड धरण आलं, 1928 साली. बारामती, फलटणकडे ऊस उभा राहिला आणि आमच्या खोऱ्यातली माणसं डोंगराच्या अंगाला सरकली. कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ आजही वर्षातला बहुतेक काळ पाण्यात असतं. उन्हाळ्यात साठा तळाला गेला की ते बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात. पेपरातला आकडा खाली आला की आपण शहरात हळहळतो. तिथं त्याच आकड्याला देव दिसतो. पाणी कसं पसरतं हे त्या मुलाला माझ्याकडून शिकायचं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी या आलेखाचा इतिहास वाचू लागलो. देकार्तचा ग्रंथ 1637 चा. छतावरच्या माशीवरून त्याला ही कल्पना सुचली, ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षं रंगवून सांगितली. तिला काही आधार नाही. आणखी गंमत म्हणजे आपण फळ्यावर काढतो ते काटकोनातले ठरलेले दोन अक्ष त्याच्या पुस्तकात तसे नाहीतच. ते पुढच्यांनी घडवले. कोष्टकातल्या व्यापाराच्या आकड्यांच्या रेषा काढून दाखवल्या त्या विल्यम प्लेफेअरनं, 1786 मध्ये. आपल्याकडे कोष्टकांची परंपरा फार जुनी. टिळकांचे गुरू केरूनाना छत्रे यांनी 1860 मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत दिली. त्यांना ग्रहांचं स्थान आकड्यांतच सापडत असे. म्हणजे आडवं काय आणि उभं काय, हा निसर्गाचा नियम नाही, माणसांनी सोयीसाठी पाडलेला पायंडा आहे.

हे पचतंय तोवर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माझ्या भाच्यानं एकदा धरणाच्या साठ्याचा वक्र दाखवला. पाण्याची पातळी किती मीटर असली की साठा किती, याचा आलेख. तळाशी दरी अरुंद, तिथल्या एका मीटरला पाणी थोडं. वर दरी रुंदावते, तिथल्या एका मीटरला पाणी खूप. मी अक्ष पाहिले. पातळी उभी होती. साठा आडवा!

"असाच काढतात?" मी विचारलं.

"हो मामा, बहुतेक असाच. उंची उभी दाखवलेली बरी नाही का?"

मी काही बोललो नाही. मला ती वही आठवत होती. त्या मुलानं दोन्ही अक्षांवर नावं लिहिली होती, प्रमाण लिहिलं होतं आणि नऊच्या नऊ बिंदू जागच्या जागी होते. आलेख बरोबर होता. त्यानं माझा पायंडा मोडला होता आणि मी त्यालाच चूक म्हटलं. पायंडा शिकवायलाच हवा, नाहीतर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता यायचं नाही. पण "आपण सगळे असं काढतो" आणि "तुझं चुकलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तीस वर्षं शिकवून मला हा फरक निवृत्तीनंतर कळला.

तो मुलगा आता पन्नाशीच्या पुढं असेल. कुठं आहे, ठाऊक नाही. नातवंडांतलं कुणी आलेखाची वही घेऊन आलं की मी आधी एवढंच बघतो : दोन्ही अक्षांवर नावं घातली आहेत ना? घातली असतील, तर मग शांतपणे विचारतो, "असं का काढलंस?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतो.