प्रश्न विचारणाऱ्यासाठी दार कोणी उघडले?

संगणकाचा इतिहास आपल्याला कंपन्यांच्या आणि उद्योजकांच्या नावांनी शिकवला जातो. अमुक कंपनीने यंत्र काढले, तमुक माणसाने गॅरेजमध्ये बसून जग बदलले. पण यंत्र विकत घेतल्यावर ते बंद पडले, हार्ड डिस्क ओळखेनासे झाले, प्रिंटर अडून बसला, तेव्हा ते चालते कोणी केले? या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासात सापडत नाही. कारण हे काम करणारे हजारो लोक बिनपगारी होते. ते स्वतः प्रोग्रामर होते, यंत्रापुढे अडलेले होते, आणि आपल्यासारख्याच अडलेल्या माणसाला उत्तर देत होते.

मित्रांनो, माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हार्डवेअरचे ज्ञान यंत्राच्या मालकांनी कधी आपणहून वाटले नाही. ज्यांना बाहेर ठेवले गेले त्यांनी एकमेकांना विचारून ते उभे केले. पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. बाहेरचे आत गेले की तेच दारावर पहारा देऊ लागले. या दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय आज आपण काय करायचे हे कळणार नाही.

वाटणे होते, पण कुंपणाच्या आत

१९५५ साली अमेरिकेत लॉस एंजलिस परिसरातील आयबीएम ७०४ या महाकाय संगणकाच्या वापरकर्त्यांनी 'शेअर' नावाची संघटना काढली. त्यात विमाने बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रोग्रामर होते. बाजारात या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या. तरीही तेच यंत्र, त्याच अडचणी आणि तीच कामे प्रत्येकाने स्वतंत्रपणे सोडवत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून प्रोग्राम आणि अनुभव यांची देवाणघेवाण सुरू झाली. म्हणजे वाटून घेण्याची परंपरा संगणकाइतकीच जुनी आहे. पण ती कोणाची होती? ज्यांच्याकडे ७०४ होता, त्यांची. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला प्रश्न विचारण्याचे कारणच नव्हते.

१९७५ मध्ये आल्टेअर ८८०० हा संगणक सुट्या भागांच्या रूपात मिळू लागला. भाग स्वतः जोडायचे, सोल्डरिंग स्वतः करायचे, आणि जोडल्यानंतर चालेल याची खात्री नाही. त्याच वर्षी ५ मार्चला कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये 'होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब'ची पहिली बैठक झाली. तिथे लोक आपापली यंत्रे आणि आपापल्या अडचणी घेऊन येत. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपल्या संगणकाचे आराखडे याच क्लबात फुकट वाटले होते. पुढे त्याच यंत्राचा 'अॅपल १' झाला. मोठ्या कंपनीच्या जन्मकथेत हा फुकट वाटलेला कागद क्वचितच सांगितला जातो.

गरिबांचे आर्पानेट

क्लबात जायचे तर त्या गावात राहायला हवे. दूरच्या माणसाने काय करायचे? तेव्हा आर्पानेट हे संगणकांचे जाळे होते, पण ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चाले आणि त्या खात्याशी संबंधित संस्थांनाच त्यात प्रवेश होता. बाकीच्या विद्यापीठांना दार बंद.

दुसरी अडचण युनिक्सची होती. एटी अँड टी कंपनी विद्यापीठांना युनिक्स ही प्रणाली देत असे, पण सोबत मदत देत नसे. अडलात तर तुमचे तुम्ही बघा. अशा परिस्थितीत १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी एक कल्पना मांडली, आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिचे पहिले रूप लिहिले. साध्या टेलिफोन लाइनवरून एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा, जमलेले संदेश द्यायचे-घ्यायचे आणि फोन ठेवायचा. दुसरा तिसऱ्याला फोन लावील. यातून युजनेट जन्माला आले. त्याला 'गरिबांचे आर्पानेट' म्हटले गेले, ते उगाच नव्हे. ज्यांना अधिकृत जाळ्यात जागा नव्हती त्यांनी स्वतःचे जाळे विणले.

आज आपण 'ऑनलाइन मदत' म्हणतो तिचे मूळ इथे आहे. पुढे प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी वेगळे चर्चागट झाले. कोणता डिस्क कंट्रोलर कोणत्या मदरबोर्डवर चालतो, कोणता जंपर कुठे बसवायचा, हे कंपनीच्या पुस्तिकेत नसे. ते ज्याने करून पाहिले त्याच्या संदेशात असे.

नकाराचा एक प्रिंटर

मदत नाकारली की काय होते, याचेही उदाहरण याच काळात आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकत असे. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल केला होता. कागद अडकला की ज्यांचे काम खोळंबले त्यांच्या पडद्यावर सूचना जाई, आणि कोणीतरी उठून कागद काढी. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड कंपनीने दिलाच नव्हता. तो दुसऱ्या विद्यापीठातील एका प्रोग्रामरकडे आहे असे कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे मागायला गेले. त्याने नकार दिला. कोड कोणाला देणार नाही असा करार त्याने कंपनीशी केला होता.

येथे लक्षात घ्या. नकार देणारा कंपनीचा मालक नव्हता. तो प्रोग्रामरच होता, आपल्यातलाच होता. एका सहीने तो पलीकडच्या बाजूला गेला. स्टॉलमन यांच्या पुढच्या भूमिकेमागे या अनुभवाचा मोठा वाटा आहे. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि ती केली युजनेटवर.

'माझ्याजवळ एवढेच आहे'

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युजनेटवरील मिनिक्सच्या गटात एक संदेश टाकला. मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहे, असे त्याने सांगितले. त्यातच त्याने कबूल केले की ती एटी प्रकारच्या हार्ड डिस्कशिवाय दुसऱ्या कशावर चालण्याची शक्यता नाही, कारण त्याच्याजवळ तेवढीच होती.

हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याच्याजवळ एकच यंत्र आहे त्याचे ज्ञानही त्या यंत्रापाशी थांबते. ही बुद्धीची मर्यादा नाही, साधनांची आहे. मग ती ओलांडली कशी गेली? दुसऱ्या देशातल्या माणसाकडे दुसरी डिस्क होती. तिसऱ्याकडे वेगळे नेटवर्क कार्ड होते. प्रत्येकाने आपल्या यंत्रावर काय अडले ते कळवले, कोणी ड्रायव्हर लिहिला, कोणी तपासून दिला. डोनाल्ड बेकर यांनी कितीतरी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहिले. अनुभवी मंडळींनी 'हाउ-टू' नावाच्या मार्गदर्शिका लिहून फुकट ठेवल्या. १९९१ मध्ये सुमारे १० हजार ओळींचा असलेला लिनक्स मार्च १९९४ मध्ये पहिल्या पूर्ण आवृत्तीला १ लाख ७६ हजार ओळींचा झाला होता. एकाच्या जवळ 'एवढेच' होते, सर्वांच्या जवळ मिळून पुष्कळ होते.

पण साधनांचा प्रश्न तिथेच संपला नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी स्वस्त 'विनमोडेम' आले. मोडेममधील महत्त्वाचे काम करणारा भाग काढून ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकले होते, आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम फक्त विंडोजसाठी होता. किंमत कमी, म्हणून ज्याच्या खिशात कमी पैसे त्याच्याकडे हाच मोडेम. लिनक्स टाकला की तो मुका. आता कोंडी पाहा. मदत इंटरनेटवर आहे, इंटरनेट मोडेममधून येते, आणि बिघाड मोडेमचाच आहे. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते, आणि घरी ते येई टेलिफोनच्या तारेवरूनच. ज्याच्याकडे एकच संगणक, त्याने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजायचे, उत्तर फ्लॉपीवर घ्यायचे, घरी येऊन करून पाहायचे, आणि जमले नाही तर परत जायचे.

हार्डवेअरच्या प्रश्नांना मिळणारे नेहमीचे उत्तरही तपासून पाहा. 'रॅम काढून दुसऱ्या संगणकात लावून बघ.' 'दुसरा पॉवर सप्लाय जोडून बघ.' सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण त्यात गृहीत धरले आहे की तुमच्या घरी दुसरा संगणक आहे. मेमटेस्ट८६ सारखा फुकट प्रोग्राम म्हणूनच मोलाचा ठरला. दुसरी रॅम नसतानाही आहे तीच रॅम तपासण्याची सोय त्याने दिली. मदत करणाऱ्याने समोरच्याच्या परिस्थितीचा विचार केला की साधन असे घडते.

आत गेलेल्यांचा पहारा

आता दुसरी बाजू. युजनेटवर दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, तेच ते प्रश्न विचारत आणि हळूहळू रीत शिकत. १९९३-९४ मध्ये व्यापारी कंपन्यांचे सामान्य ग्राहक मोठ्या संख्येने युजनेटवर आले. जुन्या मंडळींनी त्याला नाव दिले 'न संपणारा सप्टेंबर'. म्हणजे अडाण्यांची गर्दी झाली, जागा बिघडली. गरिबांचे आर्पानेट उभारणाऱ्यांच्या वारसांनीच नवागतांना गर्दी म्हणावे! कोण आल्याने जागा बिघडते, ही भाषा आपल्याला नवी नाही.

२००१ मध्ये एरिक रेमंड यांनी प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत यावर निबंध लिहिला. त्यातला सल्ला उपयोगाचा आहे. पण पुष्कळांनी सल्ला बाजूला ठेवला आणि निबंधाचा दुवा तोंडावर फेकायला वापरला. २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू झाले. तिथे हार्डवेअरचा सर्वसाधारण प्रश्न विषयाबाहेरचा ठरवून बंद केला जाई. अशा प्रश्नांसाठी २००९ मध्ये सुपर यूजर हे वेगळे ठिकाण काढले गेले. विषयवार विभागणी करणे गैर नाही. पण नवख्याला कुठे जायचे ते न सांगता त्याचा प्रश्न बंद करणे, वर उणे गुण देणे, हे गैरच होते. २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनेच जाहीरपणे मान्य केले की आपल्याकडे नवख्यांचे, विशेषतः उपेक्षित गटांतील लोकांचे, नीट स्वागत होत नाही.

यावर आक्षेप घेतला जाईल की उत्तर देणारा फुकट वेळ देतो, तेच प्रश्न त्याने शंभरदा का ऐकावेत? आक्षेप खोटा नाही. तोही थकतो. पण थकलेल्याने गप्प राहावे. अपमान करण्याचा हक्क थकव्यातून मिळत नाही. एका तुसड्या उत्तरामुळे जो मुलगा पुन्हा प्रश्न विचारत नाही, त्याची नोंद कुठेही होत नाही.

आज प्रश्न कोणता?

मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआय कंपनीशी करार केला. लोकांनी फुकट लिहिलेली उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जाणार म्हणून काहींनी आपली उत्तरे पुसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांची खाती तात्पुरती बंद करण्यात आली. ज्या परवान्याखाली ती उत्तरे आहेत त्यात मूळ लेखकाला श्रेय देण्याची अट आहे. वर्षानुवर्षे एकमेकांना केलेल्या मदतीचा साठा अखेर कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आता उघडा पडला आहे. दुसरीकडे आपली स्वतःची मदत व्हॉट्सअॅपच्या बंद गटांत चालते. तिथे मिळालेले उत्तर दुसऱ्या दिवशी खाली गेले की तिसऱ्याला सापडत नाही.

म्हणून माझे तरुणांना तीन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली, प्रश्न विचारायला लाजू नका, पण पूर्ण विचारा. दूरचा माणूस तुमच्या यंत्राला हात लावू शकत नाही. यंत्राचा मॉडेल क्रमांक, पडद्यावर आलेला नेमका संदेश, बिघाडापूर्वी काय बदलले, आणि आतापर्यंत काय करून पाहिले, एवढे लिहा. आपल्याकडे दुसरे यंत्र नाही हेही लिहा, त्यात कमीपणा नाही. दुसरी, उत्तर सापडले की 'झाले' एवढेच लिहून निघून जाऊ नका. कसे झाले ते उघड्या जागी, शोधता येईल असे लिहा. तिसरी, ते मराठीतही लिहा. आजवरची बहुतेक मदत इंग्रजीत आहे. भाषा येत नाही म्हणून जो बाहेर आहे, त्याच्यासाठी दार उघडायला परदेशातून कोणी येणार नाही.

ज्याने आपल्याला कधीतरी रात्री उत्तर दिले त्याचे नावही आपल्याला आठवत नाही. त्याची परतफेड त्याला करता येणार नाही. ती पुढच्या प्रश्न विचारणाऱ्यालाच करावी लागेल, आणि तो आपल्यापेक्षा नवखा असेल, हे धरूनच करावी लागेल.