बहात्तर सालची भाकरी

मी सातवी शिकलेली; इतिहास सांगणारी मी कोण? पण सासूबाईंनी चुलीपुढे बसून सांगितलेले मला ठाऊक आहे, तेवढे लिहिते.

आमची चार एकर कोरडवाहू जमीन. घरची ज्वारी, हुलगे, मटकी आणि परसातला शेवगा यांवर वर्ष निघत असे. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला आणि कणगी रिकामी झाली. सरकारने कामे काढली. कधी मजुरीला न गेलेल्या सासूबाई पदर पुढे ओढून खडी फोडायला गेल्या. उन्हापेक्षा कोणी ओळखीचे पाहील, याचाच चटका त्यांना जास्त बसे.

रेशनवर अमेरिकेहून आलेला मिलो मिळे. ती तांबडी ज्वारीच, पण तिची भाकरी थापताना कडा फाटत. मग आधणाचे पाणी घालून पीठ मळायचे. कधी हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे, कधी तरोट्याचा पाला. कामावर सुकडी मिळे, ती पदरात बांधून मुलांसाठी घरी येई.

सासूबाई शेवटी जेवत. बहुधा "भूक नाही" म्हणत. मोठ्या जाऊबाईंशी त्यांचा तेव्हा अबोला होता. (कारण विचारू नका, ताकाच्या गाडग्यावरून!) एका रात्री जाऊबाईंनी न बोलता आपली अर्धी भाकरी त्यांच्या ताटात सरकवली. सासूबाई म्हणाल्या, "मीठ आहे का हो, बाई?"

रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला. सासूबाई अजूनही परातीबाहेर सांडलेले पीठ बोटाने टिपून घेतात. नातवंडे हसतात, त्या रागावत नाहीत.