सवचीं उन्हाळीं आणि रायगडचा रज्जुमार्ग

हिंगोली जिल्ह्याची उत्तर सीमा ज्या पैनगंगेनें आंखली आहे, तीच नदी पुढें माहूरच्या डोंगराजवळून किनवट तालुक्यांत उतरते. तेथें तिच्या कांठीं उनकेश्वर आहे. कुंडांतील ऊन पाण्यानें कातडीचे विकार बरे होतात, या श्रद्धेनें हिंगोली-नांदेडकडील माणसें पिढ्यान् पिढ्या तेथें स्नानास जात आलीं आहेत. खानदेशांत उनपदेव, पालीजवळ उन्हेरें, दापोलीकडे उन्हवरें, राजापुराजवळ उन्हाळें, अशीं नांवें पाहिलीं म्हणजे मराठी माणसानें नामकरणाच्या कामीं फारसा कल्पनाविलास केला नाहीं, हें दिसून येतें. पाणी ऊन, म्हणून गांव उन्हाळें!

डोंगर, ऊन पाणी आणि वर नेणारा दोर हीं तिन्हीं एका ठिकाणीं पाहावयाचीं तर जपानांतील हाकोनेचें नांव प्रथम घ्यावें लागतें. १९६० सालीं पूर्ण झालेला तेथील रज्जुमार्ग ओवाकुदानी या धुमसत्या दरीवरून जातो. खालीं गंधकाची वाफ उसळत असते आणि त्या पाण्यांत उकडलेल्या अंड्यांचें कवच काळें पडतें. असें एक अंडें खाल्लें कीं आयुष्य सात वर्षांनीं वाढतें, अशी तेथील समजूत आहे. मात्र दरीखालचा ज्वालामुखी जिवंत आहे. २०१५ सालीं तेथें लहानसा उद्रेक झाला आणि रज्जुमार्ग बंद ठेवावा लागला.

कोंकणांतील उन्हाळ्यांना असें भय नाहीं. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे आणि तो केव्हांच निवून गेला आहे. पावसाचें पाणी खडकांतील भेगांतून खोल झिरपतें, पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें तापतें आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापुरापर्यंत हे झरे सह्याद्रीला समांतर अशा जवळजवळ एका ओळींत सांपडतात, तें या भेगांमुळेंच.

या ओळींतील एक स्थान महाडजवळ, सावित्री नदीच्या कांठीं आहे. त्याचें नांव सव. तेथलें ऊन पाणी मातीची नव्हे, तर शरीराची व्यथा घेऊन येणाऱ्यांचें. पण महाडचें नांव इतिहासांत राहिलें तें थंड पाण्यामुळें. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं झाला. महाडच्या नगरपालिकेनेंहि चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. कागदावर खुलें झालेलें तें पाणी प्रत्यक्ष ओंजळींत घेण्यास २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारों अनुयायी तळ्यावर गेले व पाणी प्याले. पुढें वाद न्यायालयांत गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ च्या मार्चमध्यें लागला. दोन हात लांब असलेल्या पाण्याचें अंतर तोडावयास दहा वर्षें लागलीं.

याच महाडच्या उत्तरेस रायगड उभा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें २,७०० फूट उंच असा हा डोंगर १६५६ सालीं, तो रायरी या नांवानें ओळखला जात असतां, शिवाजीमहाराजांनीं मोऱ्यांकडून घेतला. ६ जून १६७४ रोजीं येथेंच त्यांचा राज्याभिषेक झाला. राजधानी येथें आणण्याचें मुख्य कारण हेंच कीं, येथें चढून येणें दुष्कर होतें. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनींहि गड चढून नव्हे, तर तोफांचा मारा करून घेतला.

गडाच्या दुर्गमतेची सर्वांत बोलकी साक्ष एका गवळणीच्या कथेनें दिली आहे. दूध विकावयास आलेल्या हिरकणीला सायंकाळीं दरवाजे मिटल्यामुळें बाहेर पडतां येईना. घरीं तान्हें मूल. तेव्हां ती अंधारांत कडा उतरून गेली, असें सांगतात. महाराजांनीं तिचा गौरव केला आणि त्या जागीं बुरूज बांधविला! कथेचा हा शेवट प्रत्येक शाळेंत शिकविला जातो. पण उणीव झांकण्यासाठीं बुरूज बांधला, ही त्यांतील राजकारणाची बाजू सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

१९९६ सालीं सुरू झालेल्या रज्जुमार्गाचा पायथा हिरकणीवाडीसच आहे. एकीकडचे पाळणे वर चढतात तेव्हां दुसरीकडचे खालीं येतात. दोन्ही बाजूंचें वजन एकमेकांस तोलून धरतें आणि यंत्रास उरलेला भार तेवढा ओढावा लागतो. चौदाशेंवर पायऱ्यांची वाट चार-पांच मिनिटांत संपते. गड पायींच चढावा, असा आग्रह धरणारे पुष्कळ आहेत, आणि महादरवाजाचें खरें रूप दम लागल्यावांचून कळत नाहीं, हें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु गुडघे धरलेल्या म्हातारीनें समाधीचें दर्शन न घेतांच पायथ्यावरून परत फिरावें, असें कोणत्या न्यायानें म्हणावयाचें? पायऱ्या कोणी काढून नेल्या नाहींत. म्हातारी पाळण्यांतून वर जाते, नातू पायऱ्यांनीं जातो, आणि समाधीपाशीं तीच आधीं पोंचलेली असते.