झोपडपट्टी फुटबॉल

झोपडपट्टी फुटबॉल : नागपूरच्या वस्त्यांमधील मुलांसाठी सुरू झालेली स्पर्धा. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ मध्ये भर पावसात काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी मुलांच्या हाती चेंडू दिला, पुढे वस्तीवस्तीचे संघ बांधून सामने भरवले. क्रीडा विकास संस्थेने हाच उपक्रम ‘स्लम सॉकर’ या नावाने इतर राज्यांत नेला. त्यातले खेळाडू बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून उतरले. तेथे मैदानावर प्रत्येक संघाचे चारच खेळाडू असतात आणि सात-सात मिनिटांची दोन सत्रे होतात. २०१६ मध्ये ‘स्लम सॉकर’ला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट बारसे यांच्या कार्यावर आधारलेला आहे.