आयरिश स्थलांतरितांतील अवसाद व आत्महत्याप्रतिबंध

आयरिश स्थलांतरितांतील अवसाद व आत्महत्याप्रतिबंध : आयर्लंडमधून अमेरिका व ब्रिटन येथे गेलेल्या लोकांतील मानसिक विकारांकडे पाहण्याची दृष्टी गेल्या पावणेदोनशे वर्षांत पुष्कळ बदलली. प्रारंभी जो वांशिक दोष मानला गेला, तो पुढे सामाजिक परिस्थितीशी निगडित प्रश्न म्हणून ओळखला गेला.

बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळात (१८४५–५२) सु. १० लक्ष लोक मृत्यू पावले व किमान तितक्याच लोकांनी देशत्याग केला. अमेरिकेतील मनोरुग्णालयांत या निर्धन लोकांचे प्रमाण मोठे होते. एडवर्ड जार्व्हिस यांच्या मॅसॅचूसेट्स राज्याविषयीच्या अहवालात (१८५५) त्याची नोंद आढळते. त्याची कारणे सांगताना दारिद्र्य व मद्यपान यांबरोबरच आयरिश स्वभावावरही दोष ठेवण्यात येई.

स्थलांतराची दुसरी मोठी लाट १९५१–६१ या दशकात आली. या काळात आयर्लंडमधून निव्वळ सु. ४ लक्ष लोक बाहेर पडले. त्यांपैकी बहुतेक ब्रिटनमध्ये गेले. पुरुष मुख्यत्वे बांधकामावर, तर स्त्रिया परिचारिका वा घरकामगार म्हणून राबत. तात्पुरते काम, भाड्याची खोली आणि मद्यगृहातील सोबत यांवर अनेक पुरुषांचे जीवन बेतलेले होते. घरी पैसे धाडणाऱ्याला आपले अपयश कळविणे लाजिरवाणे वाटे. रिकाम्या हाताने परतणे त्याहून कठीण. वार्धक्यात काम सुटले, की एकाकीपणा उरे. बर्मिंगहॅममधील बाँबस्फोटांनंतर (१९७४) आयरिश लोकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले व अनेकांनी आपली ओळख झाकली.

मौनामागे धर्म व कायदा यांचेही दडपण होते. आत्महत्या हा इंग्लंड व वेल्समध्ये १९६१ पर्यंत, तर आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत गुन्हा होता. आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक दफनविधी नाकारण्याचा नियम कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या संहितेतून वगळण्यात आला. तत्पूर्वी १९५३ मध्ये लंडन येथे चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने दुःखितांचे बोलणे दूरध्वनीवरून ऐकून घेणारी ‘समॅरिटन्स’ ही संस्था स्थापन केली होती.

इंग्लंडमधील मनोरुग्णालयांच्या १९७१ व १९८१ च्या आकडेवारीत आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांचे प्रमाण स्थानिकांच्या मानाने बरेच अधिक आढळले. पुढील अभ्यासांत आत्महत्यांबाबतही तेच दिसून आले. तथापि गौरवर्णीय व इंग्रजी भाषक असल्यामुळे हा समाज वेगळा गणला जात नसे. जनगणनेत ‘आयरिश’ हा स्वतंत्र वांशिक गट प्रथम २००१ मध्ये आला. लंडनमधील आयरिश केंद्रांनी सल्ला, भोजन व सोबत पुरवून ही उणीव काही अंशी भरून काढली. आयर्लंडचे शासनही परदेशांतील अशा संस्थांना अनुदान देऊ लागले.

२००६ मध्ये डब्लिनजवळ जोन फ्रीमन यांनी ‘पिएटा हाउस’ ही संस्था स्थापन केली. आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्यांना तेथे विनामूल्य समुपदेशन मिळते. तिच्या साहाय्यार्थ २००९ मध्ये डब्लिन येथे सुरू झालेली पहाटेची पदयात्रा पुढे परदेशस्थ आयरिश वस्त्यांतही निघू लागली. अंधारात निघून उजाडताना संपणाऱ्या या यात्रेमुळे, पूर्वी कुटुंबातही न उच्चारला जाणारा विषय चारचौघांत बोलला जाऊ लागला. वेळीच मिळालेली सोबत व उपचार यांमुळे जीव वाचू शकतो, ही जाणीव हे या इतिहासाचे महत्त्वाचे फलित होय.